बोटांना डोळे फुटतात तेव्हा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला एक लबाडी रीतसर शिकवतात. प्रात्यक्षिक परीक्षेत ती करून दाखवावी लागते आणि जमली नाही तर मार्क जातात. पेशंटचं मनगट हातात घ्यायचं, घड्याळाकडे बघायचं आणि नाडी मोजायची. मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. चेहरा तसाच गंभीर ठेवायचा आणि छातीवरची चादर वरखाली होताना डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत पुरतं एक मिनिट श्वास मोजायचे. 'काका, आता तुमचे श्वास मोजते हं' असं चुकूनही बोलायचं नाही.

कारण मोठं गमतीचं आहे. ताप, नाडी, रक्तदाब यांच्यावर आपला हुकूम चालत नाही. श्वास मात्र दोन धन्यांचा चाकर. झोपेत मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रं त्याला चालवतात आणि जागेपणी मनात आलं की आपणही त्याचा ताबा घेतो. कुणी मोजतंय एवढं कळलं की माणूस नकळत शहाण्यासारखे लांब लांब श्वास घ्यायला लागतो. हे वाचता वाचता तुमचाही बदललाच असेल. आणि हा आकडा चुकून चालत नाही. धडधाकट माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. रक्तातली आम्लता वाढली, कुठे जंतुसंसर्ग पसरू लागला, फुप्फुसात पाणी साठायला लागलं, की शरीर पुष्कळदा सगळ्यात आधी श्वास वाढवून तोल सावरायला बघतं. रक्तदाब अजून ठीक असतो, पेशंट 'बरं वाटतंय' म्हणत असतो आणि चादर मात्र मिनिटाला 26 वेळा वरखाली होत असते.

अठरा वर्षांच्या मुलीला ही चादर वाचायला जी शिकवते, तिच्याबद्दल हा लेख आहे. विद्यापीठाच्या कागदावर तिचं पद ट्यूटर, असिस्टंट प्रोफेसर, प्रोफेसर असं काही असतं. मुलं तिला 'मॅडम' म्हणतात. आता या पेशात सरही दिसतात. डॉक्टरांना घडवणारे गुरू आपल्याला ठाऊक असतात. सिस्टरलाही कुणीतरी घडवलेलं असतं, हे आपल्या ध्यानीमनी नसतं. खरं तर त्या गुरूचं काम जास्त चक्रावून टाकणारं आहे. पुस्तकात पुरतं लिहिताच येत नाही असं काहीतरी एका हातातून दुसऱ्या हातात उतरवायचं असतं, आणि तेही आजारी माणसाला इजा न होऊ देता.

विद्यापीठात नर्सिंग शिकवणं ही आपल्याकडे शंभर वर्षांचीही गोष्ट नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात 1860 साली सुरू झाली आणि पुढे कित्येक दशकं जगभर नर्सिंगच्या शाळा हॉस्पिटलांनीच चालवल्या. त्यात मेख अशी की शिकणारी मुलगी हीच हॉस्पिटलची हातची कामकरी असायची. वॉर्डात माणसं कमी पडली की वर्ग बुडालाच. भारतात नर्सिंगची पदवी 1946 साली दिल्ली आणि वेल्लोर इथे सुरू झाली. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज 1964 साली निघालं. नाशिकला 1998 साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि राज्यातली बहुतेक नर्सिंग कॉलेजं त्याच्या छताखाली आली. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या नियमांनी चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आठ सेमिस्टरांत बसवला. या साऱ्या खटाटोपातून पदरात पडलं ते एवढंच, पण मोलाचं: वॉर्डात उभी असलेली मुलगी आधी विद्यार्थिनी ठरली आणि तिच्या पाठीशी शिकवणारं माणूस उभं राहिलं.

शिकवणं सुरू होतं ते बाहुल्यांपासून. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये मार्था चेस नावाच्या बाई मुलांसाठी कापडी बाहुल्या बनवत. हार्टफर्डच्या हॉस्पिटलमधल्या नर्सिंग शाळेनं त्यांच्याकडे माणसाच्या उंचीची, सांधे हलणारी बाहुली मागितली. 1911 साली ती आली आणि 'मिसेस चेस' या नावानं नर्सिंगच्या पिढ्यांची पहिली पेशंट झाली. पुढे 1960 साली नॉर्वेतल्या ऑस्मुंड लेरडाल या खेळणी बनवणाऱ्यानं हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायला आणि तोंडानं श्वास द्यायला शिकवणारी बाहुली बनवली. तिचा चेहरा पॅरिसमधल्या एका अनोळखी तरुणीच्या मुखवट्यावरून घेतला आहे. ती मुलगी सीन नदीत बुडून मेली असं सांगतात. नाव-गाव नसलेल्या त्या मुलीला जगभरचे विद्यार्थी आजही वाचवायचा प्रयत्न करत असतात. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल.

कॉलेजच्या या खोलीला स्किल लॅब म्हणतात. इथली रीत ठरलेली. मॅडम आधी करून दाखवतात, तो डेमो. मग मुलीनं तेच त्यांना करून दाखवायचं, तो रिटर्न डेमो. आणि पहिला डेमो कसला, तर पलंगावर चादर घालण्याचा! बारावीला सायन्स घेऊन, प्रवेश परीक्षा देऊन आलेली मुलगी मनातून खट्टू होते. हे तर आईनं पाचवीतच शिकवलं होतं. मॅडम चादरीचा कोपरा 45 अंशांत दुमडून गादीखाली सारतात, तळहातानं चादर ताणतात आणि विचारतात, 'सुरकुती का नको?'

'वाईट दिसते म्हणून' हे उत्तर चुकीचं. माणूस पडून राहिला की त्याचं वजन टाच, माकडहाड, कोपर, डोक्याचा मागचा भाग अशा हाडाच्या टोकांवर येतं. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडीतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. तुम्ही-आम्ही झोपेतही कूस बदलतो, त्यामुळे रक्त पुन्हा वाहतं. लकवा झालेल्या किंवा बेशुद्ध माणसाला ते जमत नाही. अशा कातडीखाली सुरकुती म्हणजे आणखी एक दाबाची रेघ, आणि तिच्यावरून अंग सरकलं की घासणं वेगळंच. काही तासांत तिथली कातडी मरायला लागते आणि बेडसोअर होतो. तो भरून यायला महिने लागतात, प्रसंगी जीवही जातो. म्हणून दोन-दोन तासांनी कूस बदलायची आणि म्हणून चादर ताठ हवी. घरकाम वाटलेली गोष्ट एका मिनिटात शरीरशास्त्र होते. मुलीचा चेहरा बदलतो, आणि मॅडम त्याच क्षणाची वाट बघत असतात.

मग सुरू होतं गणित. 500 मिलिलिटर सलाइन चार तासांत जायला हवं. सेट असा की 20 थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे 10,000 थेंब, 240 मिनिटं. मिनिटाला साधारण 42. पण मिनिटभर थेंब मोजत उभं राहायला वॉर्डात सवड कुणाला? मॅडम युक्ती सांगतात: सहानं भाग. दहा सेकंदांत सात थेंब. थेंब पडतात त्या नळकांड्याशेजारी मनगटावरचं घड्याळ धरायचं आणि सात येईपर्यंत चाकी फिरवायची. बाटली भराभर संपली तर म्हाताऱ्या हृदयाला तो लोंढा पेलत नाही आणि पाणी फुप्फुसात उतरतं. भागाकार चुकला की कुणाला तरी दम लागतो. पाटीवरच्या गणिताला इतकं वजन दुसऱ्या कुठल्या वर्गात असेल?

रक्तदाब शिकवणं त्याहून नाजूक. निकोलाय कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन सर्जननं 1905 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये एक टिपण सादर केलं. ते पानभरही नव्हतं, पण आज आपल्या दंडाला पट्टा बांधतात तेव्हा त्याच टिपणाबरहुकूम ऐकतात. धमनी निरोगी असली तर तिच्यातून रक्त मुकाट वाहतं, काही ऐकू येत नाही. पट्ट्यानं ती पुरती दाबली तरी काही ऐकू येत नाही, कारण रक्तच थांबलं. आवाज येतो तो फक्त मधल्या अवस्थेत. दाब थोडा सैल केला की प्रत्येक ठोक्याला रक्त चिंचोळ्या वाटेतून धडका देत घुसतं आणि टक् टक् सुरू होतं. हा वरचा आकडा. आणखी सैल केलं की धमनी मोकळी होते आणि पुन्हा शांतता. हा खालचा. म्हणजे विद्यार्थिनीला दोन शांततांमधला आवाज पकडायचा असतो.

पण तिनं तो पकडला हे मॅडमना कळणार कसं? दुसऱ्याच्या कानात डोकावता येत नाही. त्यासाठी एक मजेदार स्टेथोस्कोप असतो: छातीला लावायची चकती एक आणि कानांत घालायच्या नळ्यांच्या जोड्या दोन. गुरू-शिष्य एकाच माणसाच्या धमनीला बांधलेले. मुलगी म्हणते, '130.' मॅडम म्हणतात, 'पुन्हा. हवा सावकाश सोड. पहिली टक् तुझ्या हातून निसटली.' नाडीच्या बाबतीतही असाच कानमंत्र असतो. ती अंगठ्यानं बघायची नाही, कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी जोरात उडते आणि नवशिक्या मुली बऱ्याचदा पेशंटऐवजी स्वतःलाच मोजून मोकळ्या होतात.

इथवरचं बाहुलीवर किंवा मैत्रिणीच्या दंडावर भागतं. खरी परीक्षा पोस्टिंगला. पांढरे बूट, घट्ट अंबाडा, हातात फाइल, पोटात गोळा. वॉर्डात मावशी लादी पुसत असतात, मामा स्ट्रेचर ढकलत असतात, रात्रपाळीच्या सिस्टर सकाळच्या सिस्टरला ओव्हर देत असतात. अशा धबडग्यात मॅडम एकेका मुलीला एकेक पेशंट वाटून देतात. आणि पहिल्याच दिवशी मुलीच्या लक्षात येतं की पुस्तक इंग्रजीत आहे आणि आजी इंग्रजीत आजारी पडलेल्या नाहीत.

मराठीत दुखण्याला केवढे शब्द आहेत! कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 साली वेदनेचं वर्णन करणारे 78 इंग्रजी शब्द 20 गटांत लावून प्रश्नावली तयार केली. आपल्या वॉर्डात अशी यादी कुणी छापलेली नसते, ती मॅडमच्या डोक्यात असते. 'ठणकतंय' म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर दुखतंय. आत पू धरलाय का बघ. 'कळ येते' म्हणजे येते आणि जाते. आतडं, मूत्रनलिका, गर्भाशय असा एखादा पोकळ अवयव पिळवटतोय. बाळंतपणाच्या त्या कळा आणि मुतखड्याचीही कळच, हा योगायोग नाही. 'चमक भरली' म्हटलं तर स्नायूकडे किंवा नसेकडे बघ. 'मुंग्या येतात' म्हणणाऱ्याला साखरेचं विचार. 'छातीवर धोंडा ठेवल्यागत वाटतं' हे ऐकलंस तर फाइल खाली ठेव आणि आधी सिस्टरला हाक मार. आणि 'जीव घाबरा होतोय' हे कधीच हसण्यावारी न्यायचं नाही. त्यामागे घसरलेली साखर असेल, अडखळणारं हृदय असेल किंवा नुसती भीती असेल, पण तपासल्याशिवाय 'काही नाही होत आजी' म्हणायचं नाही. शतकानुशतकं बोलून बोलून लोकांनी घडवलेलं निदानशास्त्र या शब्दांत आहे. आजींच्या तोंडचा शब्द चार्टवर उतरवताना त्यातलं काही सांडू न देणं हा अभ्यासक्रमातला सर्वांत कठीण तर्जुमा.

पुस्तकाची मर्यादा अशी ठिकठिकाणी उघडी पडते. बेडसोअरची पहिली खूण काय, तर दाबल्यावरही न जाणारी लाली, असं पुस्तक सांगतं. शेजारचा फोटो बहुधा गोऱ्या कातडीचा. सावळ्या कातडीवर ती लाली दिसतच नाही, किंवा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मग मॅडम मुलीचा हात धरून आजोबांच्या टाचेवर ठेवतात. 'डोळे मीट. आता दुसरी टाच. काय फरक वाटतो?' एक टाच किंचित गरम, किंचित टणक. डोळ्यांना जे दिसलं नाही ते बोटांना दिसलं. त्या क्षणी मुलीच्या बोटांना डोळे फुटतात, आणि एकदा फुटले की ते पुन्हा मिटत नाहीत.

हे नेमकं काय घडतं याचा विचार पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचर्या-अभ्यासक बाईंनी केला. ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस हे बंधू वैमानिक आणि बुद्धिबळपटू कसे तरबेज होतात याचा अभ्यास करत होते. बेनर यांनी त्यांची मांडणी नर्सना लावून पाहिली आणि 1984 साली पुस्तक लिहिलं. नवशिकी ते तज्ज्ञ अशा त्यांनी पाच पायऱ्या सांगितल्या. नवशिकी नियमांवर चालते, तिला सगळे आकडे सारख्याच वजनाचे वाटतात. तज्ज्ञ नर्स दारातून आत येते आणि सहा खाटांपैकी चौथ्या खाटेकडे चालू लागते. का, असं विचारलं तर तिलाही चटकन सांगता येत नाही.

इथे शिकवणाऱ्याची गोची होते. जो जितका तरबेज, तितकं त्याला आपण हे कसं जाणलं ते सांगणं कठीण. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतोस विचारा, तोही पडेल. मॅडमना मात्र रोज हेच करावं लागतं: क्षणार्धात जाणलेली गोष्ट पुन्हा उसवून तिचे टाके एकेक करून दाखवायचे. मुलगी चार्ट वाचू लागते, 'ताप नाही, बीपी नॉर्मल...' मॅडम म्हणतात, 'चार्ट राहू दे. आजींकडे बघ.' काल गप्पा मारणाऱ्या आजी आज गप्प आहेत. तांब्यातलं पाणी सकाळपासून तेवढंच आहे. वेणी घातलेली नाही. आणि उजव्या हाताची बोटं चादरीवरचे धागे वेचल्यासारखी हलताहेत, जिथे वेचायला धागाच नाही. बोटांची ही चाळवाचाळव वैद्यकाला प्राचीन काळापासून ठाऊक आहे. आजाराच्या झपाट्यात मेंदू गोंधळतो आहे, याची ती खूण असते. 'वय झालंय, चालायचंच' म्हणून ती सोडून दिली तर आतला संसर्ग कुणाच्या लक्षात येण्याआधीच हाताबाहेर गेलेला असतो.

शिकवण्याचा आणखी एक भाग आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. कधीतरी विद्यार्थिनीच्या वाट्याचा पेशंट जातो. मृतदेहाची स्वच्छता, डोळे मिटवणं, जबडा बांधणं, नावाची पट्टी लावणं, हेही अभ्यासक्रमातलं प्रात्यक्षिकच. चांगली शिक्षिका त्या वेळीही 'बॉडी' म्हणत नाही. 'काकांचा हात जरा उचल' असंच म्हणते. मुलगी रडली तर रडू देते. संध्याकाळी तिचं जर्नल तपासताना सही करते आणि 'जेवलीस का' विचारते.

या शिक्षणानं फरक किती पडतो? लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ युरोपीय देशांतल्या 300 हॉस्पिटलांतल्या, शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून जास्त पेशंटांच्या नोंदी तपासल्या. तो अभ्यास 2014 साली 'द लॅन्सेट'मध्ये आला. पदवीधर नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त असलेल्या ठिकाणी तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी कमी आढळली. एका नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की ती तेवढीच वाढलेली दिसली. अशा नोंदींवरून कार्यकारणभाव पक्का ठरत नाही आणि युरोपातले आकडे आपल्या जिल्हा रुग्णालयाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी या आकड्यांकडे डोळेझाकही करता येत नाही. वर्गात शिकवलेल्या गोष्टी वॉर्डात किती जीव टिकवतात, हे दुसऱ्या कुठल्या विषयाच्या मास्तरांना असं मोजून दाखवता येईल?

म्हणून एक विनंती. कधी दवाखान्यात पडून राहायची वेळ आली आणि पांढऱ्या गणवेशातली एखादी घाबरलेली मुलगी किंवा मुलगा 'मी स्टुडंट आहे, तुमचं बीपी बघू का?' असं विचारत आला, तर शक्य असेल तेव्हा हो म्हणा. दोन पावलं मागे त्यांच्या मॅडम उभ्या असतील. तुमचा दंड तेवढा वेळ त्यांची पाटी होईल, आणि त्या मुलीच्या पुढच्या हजारो पेशंटांवर तुमचे थोडे उपकार राहतील.

आणि तिनं मनगट धरून मिनिटापेक्षा जास्त वेळ घेतला तर काही बोलू नका. ती आता काय मोजते आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. एवढंच करा, खिडकीबाहेर बघा आणि दुसऱ्या कशाचा तरी विचार करा. हा लेख वाचलेल्या माणसाचे श्वास मोजणं तिला फार अवघड जाणार आहे.